नवी लेन्स घेताय? आधी तिचा ऑटोफोकस समजून घ्या!



फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करताना भांडवलातला मोठा वाटा लेन्समध्ये जातो. दुकानात आपण दोनच प्रश्न विचारतो: "शार्प आहे ना? फोकस फास्ट आहे ना?" पण या दोन गोष्टींचं आपसात फारसं पटत नाही, हे फार कमी जण सांगतात.

असं का?

फोकस करणं म्हणजे लेन्समधली काच पुढे-मागे सरकवणं. जड काच असली की मोटरला वेळ लागतो. कॅननची ईएफ ८५ एमएम एफ १.२ बघा. वजन साधारण एक किलो, पोर्ट्रेट अप्रतिम. पण आतली जड काच हलवायची, म्हणून फोकस सावकाश. वरमाला पडून जाते, फोकस वाटेतच!

मग डिझायनर काय करतात? सगळ्या काचा न हलवता आतला एक छोटा, हलका गटच हलवतात. फोकस चपळ होतो. पण काचांमधली अंतरं बदलली की दोष झाकण्याचा जमवलेला मेळही बदलतो. म्हणून काही लेन्स लांबचं स्पष्ट देतात, अगदी जवळचं जरा मऊ. काहींमध्ये व्हिडिओ काढताना फोकस सरकला की फ्रेम लहान-मोठी होते. हे टाळायला दोन गट हलवणाऱ्या लेन्स येतात, पण किंमत वाढते. झाइसने २०१३ साली आणलेल्या ओटस ५५ एमएममध्ये तर ऑटोफोकसच नाही, फोकस हातानेच करायचा!

दोष लेन्सचाच आहे का?

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, फोटो घेणारा वेगळा. दोघांत किंचित फरक पडला की डोळ्यांऐवजी कान शार्प येतो. मिररलेसमध्ये मुख्य सेन्सरवरच फोकस होतो, त्यामुळे ही अडचण सहसा येत नाही.

म्हणून जुनी लेन्स विकण्याआधी हे करा:

१. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, समोर भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा.
२. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो काढा, मग लाइव्ह व्ह्यूमध्ये दहा.
३. लाइव्ह व्ह्यूचे स्पष्ट आणि बाकीचे मऊ आले, तर लेन्सच्या काचा ठीक आहेत. फोकस जुळवून घ्या; अनेक कॅमेऱ्यांत ती सेटिंग असते.
४. कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर असूनही एकच बाजू मऊ आली, तर काच तिरकी बसलेली असू शकते. सेकंडहँड घेताना अशी लेन्स नको.

मग घ्यायची कोणती?

तुमचं काम बघा. लग्नं करताय? चपळ फोकसला पैसे द्या. दागिने, मसाले, साड्यांचे फोटो काढताय? वस्तू कुठे पळून जात नाही! हाताने फोकस करा, जवळून स्पष्ट देणारी लेन्स घ्या आणि वाचलेले पैसे लाइटमध्ये घाला.

गिऱ्हाईक लेन्सचं नाव विचारत नाही, फोटो बघतं. आधी टेस्ट, मग खर्च!