उजेडाला विचारा, ताप किती?

दोस्तांनो, जळगावची पिवळीधमक केळी तुम्ही कितीतरी वेळा खाल्ली असतील. पण निळं केळं पाहिलंय? पिकलेल्या केळ्यावर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याचा प्रकाश पाडला, तर त्याची साल चक्क निळी चमकते! ऑस्ट्रिया आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2008 साली हे जगाला दाखवलं. केळं पिकताना सालीतलं हरितद्रव्य मोडतं. त्यातून जे पदार्थ तयार होतात, ते डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. म्हणजे केळं पिकल्याची बातमी आपल्याला उजेड देतो!

एका रंगाचा प्रकाश घ्यायचा आणि दुसऱ्या रंगाचा द्यायचा, असं करणारे पदार्थ तुमच्या घरातही आहेत. ट्यूबलाइटच्या काचेला आतून पांढरी पूड लावलेली असते. नळीतल्या पाऱ्याच्या वाफेतून अतिनील प्रकाश निघतो आणि ही पूड त्याचा पांढरा उजेड करते. अशा पुडीला म्हणतात फॉस्फर. आपल्या महाराष्ट्रात नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फॉस्फरवर कित्येक वर्षं संशोधन चालू आहे.

आता खरी गंमत ऐका. फॉस्फर तापला की त्याचा उजेड बदलतो. मग तो उजेड नीट पाहिला, तर तापमान कळेल की नाही? कळतं!

तापमान म्हणजे काय, हे खानदेशातल्या मुलांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांच्या वर जातो आणि थंडीत धुळ्याला तोच पारा एक आकडी होतो. ऐन उन्हाळ्यात ‘डीपी जळाली’ हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तारांची वेटोळी असतात. विजेचा भार वाढला की ती तापतात आणि फार तापली की जळतात.

वीजकेंद्रांमधले ट्रान्सफॉर्मर तर खोलीएवढे मोठे असतात. त्यांच्या पोटात विजेचा दाब इतका प्रचंड, की तिथे धातूची तार घालून तापमान मोजणं धोक्याचं. म्हणून काही मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये काचेचा बारीक तंतू घालतात. काचेतून वीज वाहत नाही, प्रकाश मात्र झरझर जातो. तंतूच्या टोकाला असतो चिमूटभर फॉस्फर. बाहेरून प्रकाशाची एक झलक पाठवली की तो चमकतो आणि लगेच मंदावतो. जितका जास्त ताप, तितका तो लवकर मंदावतो. हा सेकंदाच्याही हजाराव्या भागांत मोजायचा वेळ यंत्र अचूक टिपतं आणि आतलं तापमान सांगतं.

दुसरी युक्ती रंगांची. एर्बियम नावाच्या मूलद्रव्याचे कण असलेल्या काही फॉस्फरवर न दिसणारा अवरक्त लेसर सोडला, तर ते हिरवे चमकतात. त्या हिरव्यात दोन छटा लपलेल्या असतात. समजा, एर्बियममध्ये ऊर्जेच्या दोन पायऱ्या आहेत, अगदी जवळजवळ. एक छटा वरच्या पायरीवरून येते, दुसरी खालच्या. उष्णता मिळाली की जास्त कण वरच्या पायरीवर चढतात, मग वरची छटा वाढते. दोन छटांचं गुणोत्तर काढलं की झालं तापमान तयार! लेसर थोडा मंद झाला, तरी दोन्ही छटा बरोबरीने मंद होतात, म्हणून गुणोत्तर सहसा चुकत नाही. गणितातलं गुणोत्तर असं कामाला येतं, बरं का!

आता एक प्रयोग तुमच्यासाठी. रात्री चमकणाऱ्या, ‘रेडियमच्या’ म्हणून मिळणाऱ्या दोन सारख्या चांदण्या घ्या. (आजकाल त्यांत खरं रेडियम नसतं, फॉस्फरच असतो.) दोन्ही पारदर्शक पिशव्यांत घालून तोंड घट्ट बांधा आणि दिव्याखाली सारखाच वेळ ठेवा. मग दिवा मालवून एक बर्फाच्या पाण्यात बुडवा, दुसरी अंघोळीच्या गरम पाण्यात. सुरुवातीला कोणती जास्त उजळ दिसते? आधी कोणती विझते? वहीत वेळ लिहून ठेवा. साठलेला प्रकाश उष्णतेमुळे लवकर बाहेर पडतो, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पाण्याचं तापमान बदलून प्रयोग पुन्हा करा आणि तुमच्या विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना ती वही जरूर दाखवा!