तुकडा तपासायला घाबरू नका

आरोग्याच्या कामासाठी आम्ही पैठणच्या वस्त्यांत फिरतो, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं : "तुकडा काढला की गाठ पसरते." या भीतीपोटी मशेरी लावणाऱ्या आयाबाया आणि गुटखा खाणारी पोरं तोंडातली जखम महिनोन्‌महिने अंगावर काढतात. म्हणून या तुकड्याचं पुढे काय करतात, ते समजून घेऊ.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. एका कामासाठी एकत्र आलेल्या पेशी म्हणजे ऊती. झाडाच्या देठात ऊती असतात, तशा आपल्या गालातही असतात. त्यांच्यातला बिघाड नेमका कसला, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही.

तोंडातली जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात. तो कुजू नये म्हणून फॉर्मलिनमध्ये ठेवतात. मग मेणात बसवून यंत्राने त्याचे काप करतात. एक काप मिलिमीटरच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतका पातळ! काचपट्टीवर त्याला दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलिन हा झाडाच्या लाकडातून मिळणारा रंग पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतो, तर इओसिन बाकीचा भाग गुलाबी करतो. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी गालातल्या पेशी नीट थराथराने रचलेल्या दिसतात. कॅन्सरमध्ये केंद्रकं मोठी, वेडीवाकडी होतात आणि पेशी खालचा पडदा फोडून आत घुसतात.

मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाचा कॅन्सर आणि तंबाखूच्या सवयी यांचा संबंध अभ्यासला.

तेव्हा लक्षात ठेवा, तुकडा काढल्याने हा कॅन्सर पसरत नाही. तो वाढतो उशीर केल्याने.

तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, तोंड कमी उघडू लागलं, तर आधी सरकारी दवाखाना गाठा. पुढे संभाजीनगरला घाटी रुग्णालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तुकडा दिल्यावर रिपोर्ट कधी मिळेल ते विचारा आणि तो आणायला नक्की जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरचे उपचार घेतानाही हा रिपोर्ट लागतो. रिपोर्ट रेशनकार्डासारखा जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर काचपट्टी आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या. तो तुकडा तुमचा आहे, त्याची माहिती विचारताना संकोच नको.