पाय वाचवण्याची किंमत

१९७३ साली अमेरिकेतील सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या १२ वर्षांच्या मुलाला हाडाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि त्याचा उजवा पाय कापावा लागला. संपत्ती, सत्ता आणि निष्णात डॉक्टर हे सारे हाताशी असूनही त्या कुटुंबाला मुलाचा पाय वाचवता आला नाही. कारण तो वाचवण्याचे शास्त्रच त्या वेळी बाल्यावस्थेत होते. आज ते शास्त्र प्रौढ झाले आहे. तरीही एखाद्या शेतमजुराच्या वा कारकुनाच्या मुलावर हा प्रसंग ओढवला, तर पाय वाचेल की नाही हे केवळ शास्त्रावर ठरत नाही. अशक्यतेची जागा किमतीने कशी घेतली, हे समजण्यासाठी या शस्त्रक्रियेतील धातूच्या हाडाचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

हा इतिहास १९४० साली सुरू होतो. ऑस्टिन मूर आणि हॅरॉल्ड बोलमन या अमेरिकी शल्यविशारदांनी एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा गाठीने पोखरलेला वरचा भाग काढून त्या जागी सुमारे एक फूट लांबीचा धातूचा भाग बसवला. हा धातू म्हणजे कोबाल्ट आणि क्रोमियम यांचे ‘व्हायटॅलियम’ नावाचे मिश्रण होते. खुब्याचे हाड मोडलेल्या असंख्य वृद्धांना पुढे ज्या ‘ऑस्टिन मूर’ सांध्याने उभे केले, त्याचे मूळ असे गाठीच्या शस्त्रक्रियेत आहे. १९५० च्या सुमारास लंडनजवळील स्टॅनमोर येथे जॉन स्केल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णागणिक मापे घेऊन असे मोठे सांधे बनवण्याची परंपरा सुरू केली.

विलंबातून लाभ

तथापि, केवळ धातूने रोग हटत नव्हता. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुधा ऐन वाढीच्या वयात, गुडघ्याच्या आसपास होतो. पाय वेळीच कापला तरी पाचांपैकी सुमारे चार रुग्ण पुढे दगावत. कारण रोगाची बीजे तोवर फुप्फुसात पोचलेली असत. मरणाऱ्याचा पाय वाचवून काय साधणार, हा प्रश्न त्यामुळे गैरलागू नव्हता. १९७० नंतरच्या दशकात मेथोट्रेक्सेट आणि एड्रियामायसिन ही औषधे हाती आली आणि चित्र पालटले.

याच टप्प्यावर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात एक विलक्षण गोष्ट घडली. मापाचा सांधा कारखान्यातून तयार होऊन येण्यास दोन-तीन महिने लागत. तोवर रोग वाढू नये म्हणून जेराल्ड रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच औषधे सुरू केली. पुढे काढलेल्या हाडाच्या तपासणीत गाठीचा किती भाग मेला हे दिसे आणि औषध कितपत लागू पडले याचा अंदाज येई. उत्पादनातील विलंबाने अशा रीतीने उपचाराची नवी पद्धत जन्मास घातली. ती आज जगभर रूढ आहे. १९८६ मध्ये २२७ रुग्णांच्या अभ्यासातून असे दिसले की, मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडील टोकाला हा रोग असता पाय राखल्याने रुग्णाचे आयुर्मान घटत नाही. अंगविच्छेदनाच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद तेथे ढासळला.

सुटे भाग, कमी खर्च

पुढचे पाऊल कारखानदारीचे होते. व्हिएन्नाच्या राइनर कोट्झ यांच्यासारख्या शल्यविशारदांनी १९८० नंतर सुट्या भागांची पद्धत रूढ केली. ठरावीक मापांचे तुकडे तयार ठेवायचे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी हवी ती लांबी जुळवायची. एकाच रुग्णासाठी एक वस्तू घडवणे नेहमीच महाग पडते. तेच भाग शेकडोंना उपयोगी पडले की दर नगाचा खर्च उतरतो आणि विलंबही टळतो. वाढत्या मुलांसाठी लांब करता येणारे सांधेही निघाले. परंतु त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यापलीकडची आहे.

भारताने या क्षेत्रात केवळ आयातीवर विसंबून राहणे पत्करले नाही. चेन्नईत डॉ. मयिलवाहनन नटराजन यांनी १९८८ पासून देशी सांधे बसवले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनीही देशी उत्पादकाच्या साहाय्याने स्वस्त सांधा विकसित केला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. चार-पाच लाख रुपयांना विकल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या विशेष सांध्याची कमाल किंमत तेव्हा १,१३,९५० रुपये ठरली.

हा निर्णय स्वागतार्हच होता. पण किमतीवर छत घातले म्हणजे पुरवठा आपोआप होतो असे नव्हे. या वस्तूचे ग्राहक थोडे आहेत आणि ते देशभर विखुरलेले आहेत. अशा बाजारात उत्पादकाला टिकवायचे, तर सरकारी रुग्णालयांनी मागणी एकत्र करून सामूहिक खरेदी केली पाहिजे. बसवलेला सांधा किती वर्षे टिकला, कोठे मोडला, कोठे जंतुसंसर्ग झाला, याची राष्ट्रीय नोंदही ठेवली पाहिजे. कारण मोडणारा स्वस्त सांधा अखेर महागच पडतो.

शिवाय सांध्याची किंमत हा खर्चाचा एकच भाग झाला. गुडघ्याची सूज मुकामार समजून महिनोन्‌महिने चोळली जाते, तेव्हा पाय वाचवण्याची संधी रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचण्याआधीच निसटते. रात्री झोपू न देणारी हाडातील वेदना आणि वाढती गाठ वेळीच ओळखून क्ष-किरण चित्र काढायला लावणारा शिक्षक वा गावातील डॉक्टर शल्यविशारदाइतकाच मोलाचा आहे. १९७३ मध्ये केनेडींच्या मुलाचा पाय गेला, तो शास्त्राच्या मर्यादेमुळे. आज एखाद्याचा पाय पैशाअभावी किंवा विलंबामुळे गेला, तर त्या मर्यादेची सबब समाजाला सांगता येणार नाही.