स्पंदनांचे पुंजके आणि त्यांची मोजणी

नागपूरचा शून्य मैलाचा दगड सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथें कोरलेलीं अंतरें वाचणारा फक्त आकडा पाहतो. परंतु मैल कोठून मोजावयाचे आणि कोठें थांबावयाचें, हें आधीं कोणीं तरी ठरविलें म्हणूनच त्या आकड्यांना अर्थ आला. विजेच्या संकेतांचा काळ मोजणाऱ्यापुढेंहि हाच प्रश्न असतो.

हें काम करणाऱ्या यंत्रास लॉजिक अ‍ॅनालायझर म्हणतात. तारेवरील विजेचा दाब ठराविक पातळीच्या वर आहे कीं खालीं, एवढेंच तें सेकंदास लक्षावधि वेळां पाहतें आणि संगणकाच्या पडद्यावर त्याची चढउताराची रेघ उमटवितें. किती दाब, हें तें सांगत नाहीं. केव्हां बदलला, हें मात्र फार बारकाईनें सांगतें.

उदाहरणासाठीं दूर जावयास नको. श्रोत्यांनीं टीव्हीच्या रिमोटची कळ दाबली म्हणजे त्याच्या टोकाशीं असलेला दिवा डोळ्यांस न दिसणारा प्रकाश फेकतो. पुष्कळ रिमोट ज्या एनईसी नांवाच्या पद्धतीनें चालतात, तींत हा दिवा सेकंदास सुमारें ३८,००० वेळां लुकलुकतो. पण अखंड नव्हे, तर पुंजक्या-पुंजक्यांनीं. पहिला पुंजका ९ मिलिसेकंदांचा. मग ४.५ मिलिसेकंद शांतता. पुढें ०.५६ मिलिसेकंदांचे लहान पुंजके येतात. त्यांच्यामागची शांतता तेवढीच असेल तर शून्य, तिप्पट असेल तर एक. असे ३२ अंक झाले कीं समाप्तीचा एक लहान पुंजका. जुन्या तारमास्तरांचा कडकट्ट याहून फार निराळा नव्हता. तेथेंहि लांब खूण आखूड खुणेच्या तिप्पट असे. फरक इतकाच कीं, तारमास्तरास तें कानानें कळे, येथें कान व डोळा दोन्ही थिटे पडतात.

अशा शेंकडों चढउतारांची मोजणी पडद्यावर हातानें करणें म्हणजे पोतेंभर ज्वारीचे दाणे मोजणें होय. म्हणून यंत्रासोबतच्या आज्ञावलीला पुरवणी जोडतात. सेलिए कंपनीच्या लॉजिक २ या आज्ञावलींत अशी पुरवणी पायथन भाषेंत कोणासहि लिहितां येते. रेघेचा हवा तो भाग निवडला कीं त्यांतील प्रत्येक चढउताराची वेळ पुरवणीस मिळते, आणि ती पुंजके किती, प्रत्येक किती वेळ टिकला, हें मांडून देते.

परंतु पुंजका संपला हें पुरवणीनें कशावरून ओळखावें? किती वेळ शांतता गेली म्हणजे संपला म्हणावें, ही मर्यादा माणसानेंच घालून द्यावी लागते. आणि खरी गंमत येथेंच आहे. वरील रिमोटची एकच कळ, एकदांच दाबलेली. मर्यादा एक दशांश मिलिसेकंद ठेवली तर पुंजके ३४ भरतात. ३ मिलिसेकंद ठेवली तर दोनच: एक ९ मिलिसेकंदांचा, दुसरा उरलेल्या सर्वांचा. १० ठेवली तर सारा संदेश सुमारें ६८ मिलिसेकंदांचा एकच पुंजका ठरतो. उलट ती एक शतांश मिलिसेकंदावर आणली, तर प्रत्येक लुकलुक वेगळी होऊन संख्या हजारावर जाते. यांतील एकहि उत्तर खोटें नाहीं. म्हणून मर्यादा न सांगतां नुसता आकडा सांगणाऱ्यावर विसंबूं नये.

आणखी दोन फसगती आहेत. निवड पुंजक्याच्या मध्यावर सुरू झाली, तर पहिला पुंजका अकारण आखूड भरतो. यासाठीं दोन्ही टोकें शांततेंत ठेवावीं. दुसरी गोष्ट यंत्राच्या वेगाची. एक लुकलुक सुमारें २६ मायक्रोसेकंदांची. यंत्र दर २० मायक्रोसेकंदांनीं पाहूं लागलें तर मधल्या कित्येक लुकलुकी त्याला दिसतच नाहींत, आणि पडद्यावर भलतीच नक्षी उमटते.

ही मोजणी दुरुस्तीच्या मेजावर फार उपयोगी पडते. सेल नवे घालूनहि रिमोट चालत नसेल, तर ग्राहकास नवा घ्यावयास सांगण्यापूर्वीं त्याचे पुंजके मोजून पाहावे. काळ बरोबर असतील, तर दोष दिव्यांत किंवा समोरच्या उपकरणांत शोधावा. पुंजके आणि शांतता हीं दोन्ही एकाच प्रमाणांत लांबलेलीं आढळलीं, तर आंतील ठोके देणारा घटक, म्हणजे रेझोनेटर, बिघडला असण्याचा संभव अधिक. तेवढाच बदलून पुन्हां मोजावें.