ख्रिस्ती घरांतील वारसा आणि नवी पिढी

गेल्या नाताळच्या उपासनेला नगर जिल्ह्यातील एका लहानशा मंडळीत बसण्याचा योग आला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एक भजन सुरू झाले. पुढच्या बाकांवरील वृद्ध स्त्रिया डोळे मिटून गात होत्या. ‘उपासना संगीता’ची प्रत त्यांच्या मांडीवर मिटलेलीच होती. मागच्या बाकांवरील तरुण मुलेमुली गात नव्हती असे नाही. तीही गात होती. मात्र त्यांच्या हाती मोबाइल होता आणि त्याच्या पडद्यावर तेच मराठी शब्द रोमन अक्षरांत उमटले होते. उपासना आटोपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, ‘मुले येतात, हेच पुष्कळ म्हणायचे.’ या उद्गारात समाधान किती आणि खंत किती, हे सांगणे कठीण होते.

ख्रिस्ती समाजातील वडीलधाऱ्यांची तक्रार आज बहुतेक ठिकाणी सारखीच ऐकू येते. शब्बाथशाळेत पाठ केलेली वचने मुले कॉलेजात पाऊल ठेवताच विसरतात. संध्याकाळच्या प्रार्थनेला घरातली चार माणसे एकत्र बसत नाहीत. आणि दृढीकरणाचा संस्कार, जो खरे म्हणजे जाणत्या श्रद्धेचा आरंभ ठरावा, तो धर्मशिक्षणाचा निरोपसमारंभच ठरतो. तक्रार खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण ती करणाऱ्यांनी आपल्याच इतिहासाची काही पाने उलटून पाहिली, तर सगळा दोष तरुणांच्या माथी मारण्याचा मोह आवरेल, असे वाटते.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले व पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या ग्रंथाच्या जन्माची कथा कवीने आरंभीच सांगितली आहे. एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे काही का देत नाही? प्रश्न विनयाने विचारलेला असला, तरी त्यात एक वेदना आहे. जुने ग्रंथ राजसत्तेच्या बळावर हिरावले गेले होते, ही त्या काळाची काळी बाजू झाकण्याचे कारण नाही. परंतु स्टीफन्सने त्या माणसाला गप्प बसवले नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचून त्याने उत्तर दिले आणि ते त्या माणसाच्या भाषेत, त्याच्या कानाला परिचित असलेल्या छंदात दिले. (मोबाइलवरील रोमन अक्षरे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की मराठीतील हा आद्य ख्रिस्ती ग्रंथ छापला गेला तोही रोमन लिपीतच!)

वसईचे उदाहरण याहून बोलके आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. ज्या सत्तेच्या छायेत तेथील गावे ख्रिस्ती झाली, ती सत्ता गेली. आश्रय गेला, दरारा गेला. आता ही माणसे मूळ धर्माकडे वळतील, असा तर्क कोणी केला असता तर तो अगदीच अवाजवी ठरला नसता. तरीही तेथील सामवेदी, वाडवळ व कोळी वस्त्यांतील ख्रिस्ती घरे ख्रिस्ती राहिली. मिस्सा होई ती लॅटिनमध्ये. वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या शेतकऱ्याला तिच्यातील किती शब्द कळत असतील? १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना उपासनेचे दार मोकळे केले, तोवर पिढ्यांमागून पिढ्या अशाच गेल्या. मग श्रद्धा टिकली कोठे? ती टिकली घरात. दिवेलागणीच्या रोझरीत, अंगणातल्या क्रुसापाशी, लग्नाच्या गाण्यांत आणि आजीने आपल्या बोलीत सांगितलेल्या संतांच्या गोष्टींत. संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातही त्या तरुणाच्या विश्वासाचे मूळ आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापाशी शोधले आहे. प्रवचनकारांचा उल्लेख त्या ठिकाणी नाही.

आज या घरातच बदल झाला आहे. आजी मराठीत प्रार्थना करते, आई मुलाचा इंग्रजी माध्यमातला गृहपाठ घेते आणि नातू दोघींचे ऐकून स्वतःशी इंग्रजीत विचार करतो. इंग्रजी शिकू नये, असे कोणता शहाणा माणूस म्हणेल? पण ज्या शब्दांत आजीने आपले दुःख देवापुढे मांडले ते शब्द नातवाला परके झाले, तर तिचा विश्वास त्याच्यापर्यंत पोहोचायचा कसा?

भाषेहून अवघड प्रश्न आणखी एक आहे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या अनेक मूळपुरुषांनी श्रद्धा वारशाने मिळवली नव्हती. ती त्यांनी झगडून मिळवली होती. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून निमूटपणे गेल्या नाहीत. मुलाला घेऊन काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, संतापल्या, रडल्या, सोवळेओवळे पाळीत राहिल्या. मग जातिभेदाचा विचार करता करता एके दिवशी त्यांनी आपणहून ठरवले, की कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या निर्णयाने. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला या बाईच्या श्रद्धेत अनुकरण शोधूनही सापडत नाही. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूनंतर पूर्णत्वास नेले ते याच बाईंनी; आणि ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी संपादित आवृत्ती सिद्ध केली ती त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी. वारसा चालला तो असा, प्रत्येक पिढीने आपले काम त्यात घालून.

अशा बंडखोरांच्या नातवंडांना आपण काय देतो? पाठ करण्यासाठी प्रश्नोत्तरी. तिच्यात प्रश्नही छापलेले आणि उत्तरेही छापलेली. शेजारच्या बाकावरची हिंदू किंवा बौद्ध मैत्रीण इतकी सज्जन असताना तारण आम्हालाच कसे, असे एखाद्या मुलीने विचारले, की ‘असे बोलू नये’ हे उत्तर ठरलेले. ती मुलगी पुन्हा विचारीत नाही आणि काही वर्षांनी येतही नाही. टिळकांना गप्प बसवणारे कोणी भेटले असते, तर ते ऐकून घेते काय?

या साऱ्यात एक गोष्ट ख्रिस्ती सभांतूनही हलक्या आवाजात बोलली जाते. नगर-जालन्याकडील असंख्य ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीची दलित आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला; ख्रिस्ती दलित बाहेर राहिले. परिणामी कित्येक घरांत दाखल्यावरचा धर्म वेगळा आणि उंबऱ्याच्या आतला वेगळा. शाळेत नाव घालणारे शिक्षक आणि दाखला लिहिणारे कारकून यांना हे मी सांगायला नको. मुलाला सत्य बोलायला शिकवणारा बाप अर्ज भरताना त्या एका रकान्यापाशी थबकतो आणि मुलगा शेजारी उभा राहून ते पाहतो. दहा वर्षांच्या शब्बाथशाळेपेक्षा हा एक क्षण त्याला अधिक शिकवून जातो. दोष बापाला द्यायचा की आदेशाला, याचे माझे उत्तर ठरलेले आहे; पण त्या मुलाला मात्र दोन्ही घेऊन जगायचे असते.

तरुण श्रद्धेकडे पाठच फिरवतात, हेही खरे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे २५ जुलै २०२४ रोजी निधन झाले. ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. वसईकरांना मात्र ते आठवतात हरित वसईच्या लढ्यात, जमीन आणि विहिरींचे पाणी वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरलेले. त्या लढ्यात मोठे मोर्चे निघाले आणि ख्रिस्ती व हिंदू त्यांत खांद्याला खांदा लावून चालले. सदाचारावरील प्रवचनाला जांभया देणारा मुलगा आपला धर्मगुरू दांडग्यांच्या धमक्यांना न भिता उभा राहतो हे पाहतो, तेव्हा ते सहजी विसरत नाही.

त्या नाताळच्या दिवशी मंडळीतून बाहेर पडताना मागच्या बाकावरचा एक मुलगा आजीला हात देत पायऱ्या उतरवीत होता. भजनातल्या एका शब्दाचा अर्थ त्याने तिला विचारला. म्हातारी क्षणभर थांबली. मग हसून म्हणाली, ‘साठ वर्षं गातेय रे, पण अर्थ कधी कुणाला विचारलाच नाही. चल, पाळकसाहेबांना विचारू.’ आणि दोघेही पुन्हा पायऱ्या चढू लागली.