पायाची खोड

गेल्या दिवाळीला करकंबला पोहोचलो, तेव्हा आमची जीप भंगारात घालायचे जवळजवळ ठरले होते.

पंढरपूर तालुक्यातले हे आमचे गाव. नोकरीमुळे मी पुण्यात, शेती दादाकडे. वडिलांच्या मागे जीप दोघांची. म्हणजे राखायची दादाने आणि सुट्टीत येऊन उडवायची मी! पावसाळ्यानंतर तिचे बिनसले. चढावर इंजिन नुसते ओरडे, गाडी मात्र पुढे सरकेना. वर जळका वास. "उसाच्या ट्रॉल्या ओढून क्लच जाळलास," असे मी फोनवर दादाला बोलून बसलो. तो एवढेच म्हणाला, "मग देऊ भंगारात." त्यानंतर तीन आठवडे आमचे बोलणे नव्हते.

आईने तोंड उघडले ते जेवताना. "तू ह्या जीपमध्येच जन्मायचा राहिलास. पंढरपूरचा दवाखाना गाठला म्हणून बरं. तिला उघडून तरी बघा."

दादाने ताट सारले आणि पाने काढले.

जीप ही जात मुळात लष्करी. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी विलीस कंपनीने ती बनवली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली. चिखल, ढेकळे, ओढा, कशालाच ती नाही म्हणत नाही. आणि खेड्यात लाडकी होण्याचे दुसरे कारण असे की, अंगणातल्या लिंबाखाली ती खोलता येते.

क्लच म्हणजे काय, हे वहिनींना मी जात्यावरून समजावले. इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक, फ्लायव्हील, हा एक तळ. स्प्रिंगांनी दाबणारी प्रेशरप्लेट हा दुसरा. मधे भाकरीएवढी तबकडी, ती क्लचप्लेट. तिच्यातून फिरकी गिअरबॉक्सला जाते. पेडल दाबले की वरचा तळ उचलला जातो आणि तबकडी सुटते. तबकडीच्या दोन्ही अंगांचे लायनिंग झिजले की पकड जाते. "म्हणजे जातं फिरतंय आणि पीठ पडत नाही," वहिनी म्हणाल्या. इतके सोपे मलाही सांगता आले नसते.

बॅटरीची तार काढली, चाकांना दगड लावले, आणि नुसत्या जॅकवर विसंबायचे नाही म्हणून चासीखाली बाभळीचे ओंडके रचले. पायाखालचा पत्रा उचलला, प्रॉपेलर शाफ्ट सोडवले. जीपमध्ये इंजिनाचा मागचा भार गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर असतो; ती काढण्याआधी इंजिनाला खालून टेकू हवा. मी पाना लावलाच होता, दादाने मनगट धरले. ओंडका सरकवला, मग म्हणाला, "आता काढ." महिन्याभरातले त्याचे हे पहिले वाक्य. गिअरबॉक्स आणि त्याला जोडलेला फोर-व्हीलचा डबा ही जोडगोळी दोराच्या आधाराने जॅकवर उतरवायला दुपार गेली.

प्रेशरप्लेटचे बोल्ट एकेक आटा आळीपाळीने सैल करायचे, नाहीतर प्लेट वाकते. आतली काळी धूळ मी फुंकणार, तोच दादा ओरडला. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ते छातीत बसते. नाकाला फडके बांधून ओल्या चिंधीने ती पुसली.

तबकडी रिव्हिटांपर्यंत झिजलेली. तेलाचा थेंब नाही, म्हणजे गळतीचा दोष नाही. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग. एवढ्याने ट्रॉलीही दोषी ठरू शकली असती. पण दादाने रिलीज बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवले. फिरवले तर खरखरत होते, कोरडे ठक्क. हे बेअरिंग राबते ते पेडलवर पाय असेल तेव्हाच. ट्रॉली कितीही ओढा, पाय खाली असला तर ते स्वस्थ बसून असते.

मग त्याने दिवाणातून वही आणली. लायनिंग झिजले की पेडलची मोकळी चाल कमी होते. आमच्या गाडीला ती सुमारे एक इंच ठेवतात. दादा ती जुळवली की तारीख लिहून ठेवी. अख्ख्या उसाच्या हंगामात एक नोंद. मे महिन्यात मी पंधरा दिवस गावी होतो, त्यात तीन.

वहीवर माझे नाव कुठेच नव्हते. मी चहा घेण्याचे निमित्त करून आत गेलो. डावा पाय पेडलवर टेकवून गाडी चालवायची खोड मला पुण्याच्या रहदारीत लागली. वरून पाय हलका वाटतो, पण पकड अर्धवट सुटते आणि तबकडी घासत राहते.

दुसऱ्या दिवशी मी पंढरपुरातून नवी तबकडी, प्रेशरप्लेट आणि बेअरिंग आणले. फ्लायव्हील पॉलिशपेपरने घासले. तबकडीचे उंच तोंड गिअरबॉक्सकडे ठेवायचे. आणि ती नेमकी मध्यावर धरली नाही तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही. त्यासाठी गावच्या सुताराने लाकडी खुंटी तासून दिली. बोल्ट आवळून होईपर्यंत ती खुंटी मी हाताने धरून होतो.

भाऊबीजेला सकाळी जीप सुरू झाली. हातब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये पेडल हळूच सोडले. इंजिन गचका खाऊन बंद पडले. पकड बसली! दादाने किल्ली माझ्याकडे टाकली आणि स्वतः शेजारी बसला. मळ्याच्या चढावर मी म्हणालो, "दादा, ते फोनवर मी चुकून बोललो."

त्याची नजर माझ्या डाव्या पायावर होती.

"पाय खाली ठेव," तो म्हणाला.