दप्तर मिटलं, डोकं मिटेना
(लेखमाला : कामापलीकडे – लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाची सात प्रश्नांची कसोटी पाहिली. जादा वेळ काम करणारा प्रत्येक जण कामाच्या आहारी गेलेला नसतो, हे त्यातून लक्षात आलं असेल. मार्चअखेरीला रात्री दहापर्यंत बँकेत थांबणारा, पण पानावर बसला की बँक विसरणारा माणूस वेगळा. सहाला घरी येऊनही वरणभात कालवताना ज्याच्या डोक्यात ताळेबंद चाललेला असतो, तो वेगळा. या दुसऱ्याला घरचे म्हणतात, ‘अरे, चार दिवस सुट्टी घे.’ तो घेतोही. महाबळेश्वरला जातो आणि हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसतो.

डोकं काम सोडत का नाही? ब्लूमा झायगार्निक या संशोधक तरुणीनं बर्लिनमध्ये लोकांना कोडी सोडवणं, मणी ओवणं अशी छोटी कामं दिली आणि त्यांतली काही मध्येच थांबवली. नंतर विचारलं, तर लोकांना अर्धवट राहिलेली कामंच जास्त आठवत होती. हे निष्कर्ष १९२७ साली प्रसिद्ध झाले. पुढे सगळ्यांच्या प्रयोगांत ते तसेच आले नाहीत. पण २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकी संशोधकांनी त्याला एक उपयोगी जोड दिली. अपुरं काम मनात लुडबुडत राहतं खरं. पण ते कधी, कुठे, कसं करायचं याचा नेमका बेत ठरवला, तर काम न संपताही ही लुडबुड थांबते.

इथे ‘नेमका’ला महत्त्व आहे. डायरीत ‘जीएसटी रिटर्न’ एवढंच लिहून निघालात, तर धास्ती तुमच्याबरोबर घरी येते. त्याऐवजी असं लिहा : ‘दोन खरेदी-बिलं पोर्टलवर दिसत नाहीत. उद्या साडेदहाला पुरवठादाराला फोन. उचलला नाही, तर तीनला पुन्हा.’ टेबल आवरण्याआधीची दहा मिनिटं एवढ्यासाठीच राखून ठेवायची. त्या वेळात नवी मेल उघडायची नाही.

मग मोकळी झालेली संध्याकाळ. रिकामं बसणं या माणसाला सोसत नाही, तो अस्वस्थ होऊन पुन्हा फोनकडे वळतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लोट फ्रित्झ यांनी २००७ मध्ये कामाचा शीण घालवणाऱ्या चार गोष्टी मांडल्या : मनानं कामापासून सुटणं, सैलावणं, कामाबाहेरचं काही आत्मसात करणं आणि आपला वेळ आपल्या मर्जीनं घालवणं. कामसू माणसानं सुरुवात तिसरीपासून करावी. तबल्याचा क्लास, पोहणं, नाहीतर सरळ भाकरी थापायला शिकणं. पिठानं माखलेल्या हातांनी मेल बघता येत नाही आणि लक्ष ढळलं की भाकरी मोडते.

मात्र हे सारं सवयीवरचं औषध आहे. दोन माणसांचं काम एकाच्या गळ्यात पडलं असेल, तर डायरी काय करणार? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. तिथे बोलायला हवं, तेही शक्यतो एकट्यानं नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी उभ्या केलेल्या संघटित लढ्यामुळे. एकेकाच्या मनोनिग्रहानं ती मिळाली नसती.

या आठवड्याचा गृहपाठ : रोज निघताना फक्त एका अपुऱ्या कामाचा बेत वेळेसह लिहा. कोणत्या कामानं तरीही घरापर्यंत पाठलाग केला, त्यावर खूण करा. पुढच्या लेखांकात ती खुणांची यादी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जायचं आहे – ‘नाही’ कसं म्हणायचं, ते ठरवायला.